फी शिष्यवृत्तीतून, महिना कमाईतून

गावाकडून पुण्याला शिकायला आले, तेव्हा घरून पैसे येणार नाहीत हे ठरलेलंच होतं. फी शासनाच्या सवलतीतून सुटली. राहण्याजेवणाचं विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या कामावर आणि एका ट्रस्टच्या मदतीवर भागलं. आता मी महाविद्यालयात शिकवते आणि याच योजनेचं कामही बघते. दर जूनमध्ये आईवडील मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, एवढ्या खर्चाचं जमेल का?’’ जमतं. कोणता पैसा कशासाठी आहे आणि तो कधी हातात पडतो, एवढं मात्र आधी नीट समजून घ्यावं लागतं.

१. शिष्यवृत्तीवर महिना काढायला जाऊ नका.
शासनाचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला, मग खात्याकडे, मग मंजुरी, मग निधी. बऱ्याचदा वर्ष संपत आलं तरी पहिलाच हप्ता वाटेत असतो. खानावळवाल्या काकूंना मात्र पाच तारखेला पैसे लागतात. म्हणून फीचा हिशोब शिष्यवृत्तीशी घाला आणि मेस, खोलीभाडं, एसटीचा पास यांचा हिशोब दरमहा येणाऱ्या पैशाशी. पुढचं सगळं याच्याभोवती आहे.

२. दाखल्यांना निकालाची वाट बघू नका.
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, मग तो तहसीलमधून निघतो. जून-जुलैत सगळा तालुका सेतू केंद्रावर उभा असतो. हेच काम एप्रिल-मेमध्ये निवांत होतं. नॉन-क्रीमीलेअरचंही तसंच. जातवैधतेला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. तिचा अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करावा.

३. आपण कशात बसतो, ते स्वतः वाचा.
‘‘आपल्याला काही मिळत नाही’’ हे वाक्य मी अशा घरांतून ऐकते, ज्यांना हमखास मिळालं असतं. चावडीवर कुणीतरी सांगितलेलं असतं आणि तेच खरं धरलेलं असतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शुल्क योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या घरातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. त्याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की हा हक्क जातो. ऐन वेळी घाबरून कोट्यात पैसे भरणारे पालक बघितले की जीव तुटतो.

राहण्यासाठीही योजना आहेत आणि त्या फार कमी लोकांना ठाऊक असतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिची वर्षाची रक्कम ६० हजार रुपये धरलेली आहे. पण हा पैसाही उशिराच येतो, पहिला मुद्दा इथेही लागू.

४. पैसे नेमके कुठल्या खात्यात जाणार, ते आधी बघा.
मागे एक मुलगी रडत आली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या महाडीबीटी पोर्टलवर हप्ता जमा झाल्याचं दिसत होतं आणि पासबुकात काहीच नव्हतं. तिने पासबुक टेबलावर ठेवलं, शेवटची नोंद आईने पाठवलेल्या पाचशे रुपयांची होती. आम्ही आधारच्या संकेतस्थळावर तिचं ‘बँक सीडिंग’ तपासलं. आधार भलत्याच खात्याला जोडलेलं निघालं. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता, तेव्हाच ते खातं उघडलं गेलं होतं. शिष्यवृत्ती तिथे सुखरूप पडून होती.

हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत होतं. थेट लाभाचा पैसा आधारला शेवटी ज्या बँकेशी जोडलंय, तिकडे जातो. तुमच्या हातात पासबुक कुठलं आहे, हे ती यंत्रणा बघत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी दोन मिनिटं काढून सीडिंग बघा, आणि नको त्या बँकेत असेल तर आपल्या शाखेत जाऊन फॉर्म भरून बदलून घ्या. अर्ज दुरुस्तीसाठी परत, म्हणजे ‘सेंड बॅक’ झालाय का, हेही आठवड्याला तपासत राहा. एसएमएसच्या भरवशावर राहू नका.

५. काम निवडताना आधी वेळापत्रक समोर ठेवा.
‘कमवा आणि शिका’त साधारण दिवसाला दोन-तीन तासांचं काम असतं आणि पैसे तासावर. कार्यालयात नोंदी, प्रयोगशाळेत आवराआवर, बागेत पाणी, रोपवाटिकेत पिशव्या भरणं. विज्ञान शाखेच्या मुलांची दुपार प्रात्यक्षिकात जाते, त्यांनी सकाळचं काम मागावं. मला ग्रंथालय मिळालं. परत आलेली पुस्तकं वर्गांक बघून मांडणीवर लावायची, फाटलेल्यांना खळ लावायची, दाखल नोंदवहीत क्रमांक ताडून बघायचे. घरी न्यायला न मिळणारे संदर्भग्रंथ कुठल्या कप्प्यात आहेत, हे मला पाठ झालं. ग्रंथपाल बाई मला ओळखू लागल्या. पुढे त्यांनीच एका ट्रस्टला माझं नाव सुचवलं.

हजेरीपत्रकावर सही करालच, पण आपले तास स्वतःच्या वहीतही रोज लिहा. महिनाअखेरीस बिल करताना ती वही फार उपयोगी पडते.

६. ट्रस्टच्या मुलाखतीला घरचं खरं सांगा.
पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना राहायला जागा देते, आधार देते. अशा संस्था आणि ज्ञातिसंस्थांचे ट्रस्ट गावोगाव आहेत. पाठ केलेली भाषणं तिथल्या माणसांना लगेच कळतात. जमीन किती, पाणी आहे का, मजुरीला कोण जातं, धाकटी भावंडं किती, एवढं सरळ बोललात तरी पुरतं.

७. यात ओशाळवाणं काही नाही.
वर्गातल्या मैत्रिणी बघतील म्हणून बागेतलं काम नाकारणारी मुलं असतात. त्यांना मी साताऱ्याचं सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं. मुलं शेतात राबत, स्वयंपाकाला हात लावत आणि शिकत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही श्रम करून शिकण्याच्या याच पायावर. ‘कमवा आणि शिका’ तिथून आलेली आहे. दया म्हणून ती कुणी दिलेली नाही.

८. हे महाविद्यालयांसाठी.
कष्ट करणाऱ्या पोराला त्याचे पैसे तीन-तीन महिने मिळाले नाहीत, तर योजनेचा उपयोगच राहत नाही. तो उसने घेतो, मग वर्ग बुडवून बाहेर रात्रीचं काम धरतो. विद्यापीठाचा निधी येईल तेव्हा येईल. आम्ही प्राचार्यांकडे धरणं धरल्यासारखं बसून महाविद्यालयाच्या निधीतून आगाऊ रकमेची सोय करून घेतली. बिलं तीस तारखेला लेखा विभागात जातात आणि मुलांच्या खात्यात पैसे मेसच्या तारखेआधी पडतात. शहरातल्या प्रत्येक महाविद्यालयाला हे करता येईल, आणि त्यांनी ते याच सत्रापासून करावं अशी माझी विनंती आहे.