चिखलणीपूर्वी ट्रॅक्टरचा क्लच तपासा

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत धान हे खरिपाचे मुख्य पीक आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी, देसाईगंज, चामोर्शी या भागांत पूर्वी बैल किंवा हल्यांच्या जोडीने होणारी चिखलणी आता मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरने होते. गावातील एकेका ट्रॅक्टरवर अनेक शेतकऱ्यांच्या बांध्या अवलंबून असतात. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले, बांधीत पाणी साचले आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर उभा राहिला, तर रोवणी लांबते. पऱ्हे जून होतात, फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. नाल्यांना पूर आल्यावर मिस्त्री व सुटे भाग आणणेही कठीण होते. चिखलणीच्या कामात क्लचवर फार ताण पडतो. मात्र क्लच सहसा एकाएकी निकामी होत नाही, आधी लक्षणे दाखवतो. ती ओळखून घरीच काय करता येईल व मिस्त्रीला केव्हा बोलवावे, याची माहिती येथे दिली आहे.

क्लच कसा काम करतो?

इंजिनच्या मागील फ्लायव्हीलवर क्लच प्लेट बसलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षण अस्तर असते. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते, त्यामुळे इंजिनची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. पायडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेट मागे हटते व शक्ती तुटते. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पायडल अर्धे दाबल्यावर चाकांची शक्ती तुटते आणि पूर्ण दाबल्यावर पी.टी.ओ.चीही तुटते.

पायडलची मोकळी चाल

घरी करावयाची ही सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे. इंजिन बंद करून पायडलजवळ मोजपट्टी धरावी. पायडल हाताने दाबत न्यावे व जेथे जोर लागू लागतो तेथपर्यंतचे अंतर मोजावे. अनेक ट्रॅक्टरमध्ये हे अंतर २० ते ४० मि.मी. असते. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत पाहावा. अस्तर झिजत जाते तशी मोकळी चाल कमी होते, म्हणून हंगामात दर आठवड्याला ती मोजावी. चाल कमी-जास्त असल्यास पायडलच्या दांडीवरील लॉकनट सैल करून दांडी फिरवावी, योग्य चाल आल्यावर लॉकनट घट्ट करावा व पुन्हा मोजावे.

लक्षणे, कारणे व उपाय

१) क्लच घसरणे : इंजिनचा वेग वाढतो, पण ट्रॅक्टर त्या मानाने पुढे जात नाही. जळकट वास येतो. मोकळी चाल न उरणे, प्लेटला तेल लागणे, अस्तर झिजणे किंवा स्प्रिंग कमजोर होणे ही याची कारणे आहेत. चिखलणीत आणखी एक कारण आढळते. पायडलखाली व दांड्यांच्या सांध्यांत चिखल भरून वाळतो, पायडल पूर्ण वर येत नाही आणि क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो. म्हणून प्रथम चिखल धुऊन काढावा, सांध्यांना ग्रीस द्यावे व नंतर चाल तपासावी. तरीही क्लच घसरत असेल तर काम थांबवून मिस्त्रीला दाखवावे. तसेच काम रेटल्यास फ्लायव्हीलही तापून खराब होते व खर्च वाढतो.

२) क्लच पूर्ण न सुटणे : पायडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना खरखर होते किंवा ट्रॅक्टर पुढे सरकतो. मोकळी चाल जास्त असल्यास ती बरोबर करावी. ट्रॅक्टर बरेच दिवस ओलाव्यात उभा असेल तर गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. प्लेट वाकली असेल किंवा पायलट बेअरिंग जाम झाले असेल, तर उपाय कार्यशाळेतच होतो.

३) झटके बसणे : पायडल सावकाश सोडूनही ट्रॅक्टर थरथरत निघतो. प्लेटला तेल लागणे, अस्तराचे रिवेट ढिले होणे किंवा फिंगरची उंची असमान असणे ही कारणे संभवतात.

४) आवाज येणे : पायडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग खराब झालेले असते. पायडल सोडलेले असतानाच आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सचे पुढील बेअरिंग तपासून घ्यावे.

क्लच हाउसिंगचे छिद्र

अनेक ट्रॅक्टरमध्ये क्लच हाउसिंगच्या तळाला एक छिद्र असते. चिखलणीपूर्वी त्यात प्लग बसवावा, म्हणजे पाणी व गाळ आत जात नाही. हंगाम संपताच तो न विसरता काढावा, अन्यथा आत साचलेले पाणी व तेल प्लेटवर जाते. प्लग काढल्यावर काळे, पातळ तेल टपकले तर इंजिनचे मागील सील, आणि जाड व कमी काळे तेल टपकले तर गिअरबॉक्सचे पुढील सील गळत असावे. अशा वेळी सील न बदलता केवळ प्लेट बदलल्यास नवी प्लेटही लवकरच खराब होते.

चालकाने पाळावयाच्या गोष्टी

पायडलवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवू नये. धुरा ओलांडताना किंवा बांधीत वळताना क्लच अर्धवट दाबून वेग सांभाळण्याऐवजी खालचा गिअर टाकावा. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीला झेपेल एवढ्याच रुंदीचा घ्यावा.

क्लच आणि जीविताची सुरक्षितता

गाळात रुतलेला ट्रॅक्टर काढण्यासाठी मागील चाकांना लाकडी ओंडका बांधण्याची पद्धत अत्यंत धोकादायक आहे. ओंडका अडून चाके फिरली नाहीत तर इंजिनच्या जोराने ट्रॅक्टरचा पुढचा भागच उचलला जातो आणि क्षणार्धात ट्रॅक्टर चालकावर उलटतो. क्लच झटक्याने सोडल्यानेही असेच घडू शकते. पुढची चाके उचलताच क्लच दाबून शक्ती तोडणे हाच चालकाच्या हातातील उपाय असतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर तोही उरत नाही. म्हणून घसरणाऱ्या क्लचने हंगाम जातो, पण न सुटणारा क्लच जिवावर बेततो, हे ध्यानात ठेवावे. ट्रॅक्टर रुतल्यास चाकांपुढील गाळ काढावा, अवजार मोकळे करावे व सावकाश मागे घ्यावा. तो निघत नसेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब साखळी खालच्या ड्रॉबारला लावून ओढावा. आजूबाजूला कोणासही उभे राहू देऊ नये.

दुरुस्ती करून घेताना

प्लेट बदलण्यासाठी इंजिन व गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. हे काम जॅक व लाकडी ठोकळ्यांच्या आधारावर घरी करू नये. ट्रॅक्टर उघडलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, सील व फ्लायव्हीलचा पृष्ठभागही तपासून घ्यावा. आतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांना घातक असते. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

ही सर्व तपासणी मे महिन्यात उरकावी. मृग लागण्यापूर्वी खर्च केलेला अर्धा दिवस रोवणीच्या काळातील अनेक दिवस वाचवतो, आणि ते दिवस केवळ ट्रॅक्टरमालकाचेच नव्हे, तर त्याच्या भरवशावर असलेल्या सर्व शेतकऱ्यांचे असतात.