माणसं कुठे आहेत?

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. ग्रुपवर आवाहन टाकताच फोटोंचा पाऊस पडला. निवडायला बसले तेव्हा ध्यानात आलं, की मूर्तीचे फोटो ढिगाने आहेत, माणसांचे जवळपास नाहीतच. मखरासाठी रात्र रात्र जागणारी पोरं नाहीत. महाप्रसादाची भाजी चिरायला पहाटे जमणाऱ्या बायका आहेत, पण पाठमोऱ्या. पहिल्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागणारे आमचे नाना आता हयात नाहीत. त्यांचा आरतीचं तबक धरलेला एक फोटो मिळाला. मागे दिव्यांच्या माळांचा लखलखाट, हातातली निरांजनं लख्ख, आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग. त्यांच्या सूनबाईंना तो फोटो दाखवताना मला फार वाईट वाटलं.

फोन समोरच्या सगळ्या दृश्याच्या उजेडाचा मिळून हिशेब करतो. मागे झगमगाट असला की फोन एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचं, शेजारी सूर्यासारखं चिन्ह येतं ते हलकेच वर सरकवायचं. बराच फरक पडतो. पण याहून चांगला उपाय म्हणजे स्वतःची जागा बदलणं. आरतीच्या वेळी सगळ्यांच्या मागे उभं राहून हात उंच करून फोटो काढू नका. आधी विचारून मूर्तीच्या बाजूला, कुणाच्या दर्शनाच्या आड येणार नाही असं उभं राहा आणि फोन लोकांकडे वळवा. मांडवाचा सगळा उजेड आता त्यांच्या तोंडावर असतो. टाळ्या वाजवणारी आजी, झांजा हातात मावत नाहीत असं पोर, शब्द विसरून नुसते ओठ हलवणारे शेजारी, सगळे त्या एका चौकटीत सापडतात.

दोन बोटांनी चित्र ओढून मोठं करण्याची सवय सोडा. ठरावीक मर्यादेपलीकडे फोन फक्त मधला तुकडा कापून ताणतो. चार पावलं पुढे जा. फ्लॅशही बंदच बरा. त्याचा उजेड तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोहोचत नाही. स्टेजवरच्या नाटुकल्याऐवजी पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. नाइट मोड सजावटीसाठी उत्तम, लेझीमसाठी नाही, कारण तो थोडा वेळ उजेड साठवत राहतो आणि तेवढ्यात हात हलून पुसट होतात. लेझीम, ढोल, फुगडी यांचे सलग फोटो घ्या. काही फोनवर बटण दाबून धरायचं असतं, काहींवर बाजूला ओढायचं. हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच घरी करून बघा. आणि लेन्स पुसा. मोदकाच्या तुपाचं बोट लागलेल्या लेन्समधून प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं. विसर्जनाला गुलाल बसला असेल तर आधी फुंकर घाला, मग मऊ कापड फिरवा.

जेवणाच्या पंगतीत मात्र जपून. तोंडात घास असताना कुणाचाही फोटो काढू नये, असं माझं ठाम मत आहे. वाढणाऱ्यांचे काढा, त्यांचे फोटो कधीच कुणी काढत नाही. लहान मुलांचे फोटो ग्रुपबाहेर टाकण्याआधी आईवडिलांना विचारा.

स्मरणिकेचं दुसरं दुखणं छापखान्यात कळलं. तिथल्या मुलाने एक हसरा फोटो संगणकावर मोठा केला, तर एका काकूंची नथ आणि नाक यांचा मिळून चौकोनी ठिपक्यांचा गोळा झालेला. ए-फोर आकाराचं पूर्ण पान इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापायचं तर २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो. त्याची लांब बाजू १६०० ठिपक्यांवर आली, तर तो सव्वापाच इंचांपर्यंतच नीट छापता येतो. २०२३पासून तिथे एचडीचा पर्याय आहे, तो बरा. पण मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बऱ्याच जणांनी जागा करायला मूळ फोटो केव्हाच पुसून टाकले होते, त्यामुळे पुन्हा मागूनही उपयोग झाला नाही.

म्हणून यंदा मंडळाने फोटोंची जबाबदारी दोघांवर सोपवावी. एकाने स्टेज सांभाळावं, दुसऱ्याने फक्त माणसं. मूळ फोटो त्याच आठवड्यात पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवावेत, वर्षाचं आणि कार्यक्रमाचं नाव देऊन. गटाचा फोटो काढल्यावर लगेच, सगळे पांगायच्या आत, डावीकडून एकेकाचं पूर्ण नाव वहीत लिहून घ्यावं. नुसतं ‘जोशी काकू’ लिहू नका. आमच्याच सोसायटीत तीन आहेत.