आजोबांच्या धोतराचे दुपटे



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'टाकाऊतून टिकाऊ' हा विषय दिला. आमच्या वर्गातल्या मुलांनी करवंटीची कासवे केली, काडेपेट्यांची आगगाडी केली, फुटक्या बांगड्यांच्या काचांचा मोर केला. ते सगळे खालच्या बाकावर मांडले आहे. काहींनी तालुक्याच्या दुकानातून चमकीचा कागद विकत आणून चिकटवला. विकत आणले तर ते टाकाऊ कसे, असे मी विचारले, तेव्हा थोडे भांडण झाले. ते असो.

मी जे केले ते काही नवीन नाही. तुमच्या सगळ्यांच्या घरी ते आहे आणि थंडीत तुम्ही ते पांघरता. मी गोधडी शिवायला शिकले. मोठी गोधडी नाही, बाळाचे दुपटे. गोधडीला आमच्याकडे वाकळही म्हणतात. वाकळ म्हटले की आपल्याला जुनाट, मळकी वस्तू वाटते. मलाही तसेच वाटायचे.

माझी आत्या पहिल्या बाळंतपणासाठी आमच्या घरी आली होती. आमच्या घरातली सगळी दुपटी आजीने शिवलेली आहेत. पण आता आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला सुईचे नेढे दिसत नाही. ती मला म्हणाली, "या खेपेला तू शिव बाय. मी नुसती सांगते." मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हते.

त्याच आठवड्यात भांडेवाली आली. आईने ट्रंकेतले आजोबांचे कपडे काढून ठेवले होते. आजोबा गेल्या उन्हाळ्यात वारले. दोन धोतरे, एक कोपरी, एक फेटा आणि एक टेरिकॉटचा सदरा एवढेच होते. भांडेवालीने त्याला एक पातेले देऊ केले. आजी ओट्यावरून उठून आली आणि म्हणाली, "बाकीचं ने, धोतरं ऱ्हाऊ दे. दुपट्याला लागतील."

तेव्हा शेजारच्या काकू तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं कापड बाळाच्या अंगावर घालत्यात का कुठं?" आई काहीच बोलली नाही. आत्या मात्र आत जाऊन रडत बसली. तिला तिच्या वडिलांचेच धोतर हवे होते. पातेल्याचा सौदा मोडला आणि भांडेवाली चिडून निघून गेली. दोन दिवस घरात कोणी नीट बोलले नाही. शेवटी आजीने धोतर सोडा घालून उकळले, दोन दिवस कडक उन्हात वाळवले आणि माझ्यापुढे टाकले.

आता कृती सांगते. घरी करून पाहायची असेल त्यांनी नीट वाचावी.

पहिले काम निवडण्याचे. गोधडीला सुती कापडच लागते, आणि तेही वापरलेले. हजार वेळा धुतलेले कापड मऊ होते. त्यातली खळ निघून गेलेली असते आणि आटायचे तेवढे ते आटलेले असते. कापड सुती आहे की नाही हे ओळखायला त्यावर पाण्याचा थेंब टाका. सुती कापड तो लगेच पिते. पॉलिस्टरवर तो बराच वेळ तसाच राहतो. दुसरी परीक्षा गुरुजींनी वर्गात दाखवली. एक धागा चिमट्यात धरून पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा मोठे माणूस जवळ असल्याशिवाय करू नये.

यात माझी एक चूक झाली. मला शिंप्याच्या दुकानात लाल रंगाचे कोरे सुती कापड सापडले. सुतीच आहे म्हणून मी ते न धुता वरच्या बाजूला मधोमध फूल म्हणून लावले. दुपटे पहिल्यांदा धुतले आणि फूल आटले. भोवतीचे जुने कापड आटले नाही, म्हणून सगळीकडे चुण्या पडल्या. शिवाय लाल रंग उतरून पांढऱ्यावर गुलाबी डाग पडला. दोन दिवसांचे काम मला उसवावे लागले. कोरे कापड लावायचेच असेल तर आधी दोनदा गरम पाण्यात धुवावे आणि ओले असताना पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावे. फडके रंगले तर ते कापड घेऊ नये.

दुसरे काम फाडण्याचे. मी कात्री घेतली तर आजीने ती काढून घेतली. सुती कापडाला कडेला जरासा छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचे. ते धाग्याला धरून सरळ रेषेत फाटते. कात्रीने माझी रेघ वाकडी गेली असती. फाडण्याआधी कापड उजेडाला धरायचे. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरलेले असते. लुगडे बसण्याच्या जागी विरते, काठ मात्र शेवटपर्यंत टिकतो. म्हणून काठ वेगळे काढून गोधडीच्या कडेला लावतात. आजोबांचे धोतर गुडघ्याच्या जागी इतके विरले होते की पलीकडचे अंगण दिसत होते. ते भाग सोडून दोन थरांपुरते चांगले कापड निघाले.

येथे मोठ्या गोधडीचा थोडा हिशेब सांगते. नऊवारी लुगडे म्हणजे ९ वार, म्हणजे २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी पावणेसात फूट होते. पन्हा जवळजवळ चार फूट असतो. म्हणजे एका जुनेराच्या चार घड्यांत एका माणसाला पुरेल एवढी चार थरांची गोधडी बसते. मापाची पट्टी न लावता बायकांना हे कसे कळते ते आता मला समजले.

थर जास्त का, एकच जाड कापड का नाही? आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे असे दिले आहे. थरांच्या मधे हवा अडकून राहते आणि अंगातली ऊब बाहेर जात नाही. टाके घातले नाहीत तर थर सरकतात आणि एका कोपऱ्यात गोळा होतात. टाके हवेला पूर्ण दाबून टाकत नाहीत, फक्त कापडाला जागेवर धरतात.

आमच्या दुपट्याचे चार थर होते. खाली आणि वर आजीचे निळे जुनेर, मधे धोतराचे दोन थर. आजीने धोतर मधे का घातले हे तिने सांगितले नाही. काकूंना दिसू नये म्हणून असेल, किंवा धोतर विरळ आहे म्हणून असेल. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सुई धर."

थर अंथरायला सारवलेली जमीन किंवा फरशी चालते. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. आम्ही किलोची दोन मापे, वरवंटा आणि एक धोंडा ठेवला. मग मधून कडेकडे हात फिरवून चुण्या काढायच्या. मला वाटले सगळे सपाट झाले. आजीने डोळे मिटून तळवा फिरवला आणि एका जागी थांबली. खालच्या थरात बोटभर चुणी होती. मला दोन्ही डोळ्यांनी ती दिसली नव्हती. त्यानंतर लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घेतले.

खरे टाके धावदोऱ्याचे. काही जणी सरळ ओळी घालतात, पण आमची आजी कडेपासून सुरू करून आत आत फिरत जाते आणि मधोमध संपवते. दोन ओळींत एका बोटाचे अंतर. दोऱ्याची गाठ वर ठेवायची नाही, थरांच्या मधे ओढून लपवायची, नाहीतर ती बाळाला टोचते. माझे पहिले टाके पाहून, म्हणजे चाचपून, आजी म्हणाली, "ही काय कोंबडीची पावलं?" लांब टाक्यात बाळाच्या पायाचे बोट अडकते. सगळे परत घालावे लागले. अंगुस्तान घरात नव्हते, म्हणून बोटाला चिंधी गुंडाळली. तरी तिसऱ्या दिवशी बोट सुजलेच.

दुपट्याचे माप ९० सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद. ओळींमधले अंतर साधारण २ सेंटिमीटर. वर्गात गणिताच्या तासाला आम्ही एकूण दोरा किती लागेल ते काढले. लांबीत ओळी घातल्या तर ३५ ओळी, प्रत्येकी ९० सेंटिमीटर, म्हणजे ३१५० सेंटिमीटर. मग प्रश्न आला की गोल गोल फिरत गेले तर किती? एका मुलाने फळ्यावर सांगितले की क्षेत्रफळाला ओळीतल्या अंतराने भागले की झाले. ९० गुणिले ७० भागिले २, उत्तर तेच, म्हणजे साडेएकतीस मीटर. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरली तर टाके सुमारे ३१५०. शिवणकाम म्हटल्यावर जे मुलगे आधी हसले होते, तेच मोजायला सगळ्यांत पुढे होते. गावातला शिंपी पुरुषच आहे याची मी त्यांना आठवण करून दिली.

शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत मी रोज शिवत होते. एकोणीस दिवस लागले. आजी शेजारी बसून आजोबांच्या गोष्टी सांगायची. ते धोतर कोणत्या बाजारात घेतले, किती रुपयांची घासाघीस केली, कोणाच्या लग्नात पहिल्यांदा नेसले. या गोष्टी मी आधी ऐकल्या नव्हत्या. मी विचारल्याच नव्हत्या.

काकूंचे बोलणे माझ्या मनातून जात नव्हते, म्हणून मी गुरुजींना विचारले की गेलेल्या माणसाचे कपडे असे वापरतात का. गुरुजी म्हणाले, घराघरातली रीत निराळी असते, त्यात आपण पडू नये. पण जुन्या कापडाच्या गोधड्या पुष्कळ ठिकाणी करतात हे त्यांनी सांगितले. बंगालमध्ये जुन्या साड्या आणि धोतरांचा कांथा करतात, तोही धावदोऱ्याचाच. बिहारमध्ये सुजनी करतात, आणि ती नव्या जन्मलेल्या बाळाला गुंडाळायला करीत. कर्नाटकातले सिद्दी लोक कवंदी शिवतात.

मग त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवले. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. तिथल्या लोकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यात गुलाम होते. तिथल्या बायका शेतात वापरून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला, तेव्हा १९४२ साली तिने त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे म्हणून. त्या खेड्यातल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन शहरातल्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लावल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. चित्रातल्या त्या गोधडीवर विजारीच्या गुडघ्याचा भाग फिका पडलेला स्पष्ट दिसतो. मी ते चित्र बराच वेळ पाहिले. घरी जाऊन आजीला सांगितले, तर तिने एवढेच विचारले, "टाके किती बोटांवर हायेत तिचे?" ते मला सांगता आले नाही.

दुपटे बाळ जन्मण्याच्या आदल्या आठवड्यात पुरे झाले. मुलगी झाली. बारशाला काकू आल्या होत्या. त्यांनी दुपट्यावर हात फिरवला, एक कोपरा उलटून पाहिला आणि "टाके बारीक हायेत" एवढे म्हणाल्या. त्यांचे मत बदललेले नाही, आणि आत्याचेही नाही. बाळ मात्र त्याच दुपट्यात झोपते, आणि ते रोज ओले होत असल्यामुळे मी आता धोतराच्या उरलेल्या कापडाचे दुसरे शिवायला घेतले आहे.

दुपटे वापरात असल्याने शाळेत आणता आले नाही. या कागदाखाली खिळ्याला एक वीतभर नमुना टांगला आहे. आतले थर पाहता यावेत म्हणून त्याचा एक कोपरा शिवलेला नाही. हात धुऊन पाहावे. पालकांपैकी कोणाच्या घरी सरळ ओळींची किंवा आणखी वेगळ्या टाक्यांची गोधडी असेल, तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्हाला दाखवायला आणावी. जुने सुती कापडही हवे आहे. टेरिकॉट नको.

इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी