लोखंडी नांगर कुणी केला?

आता गावात ट्रॅक्टर आले, तरी पुष्कळ घरी गोठ्यामागे जुना लोखंडी नांगर अजून पडलेला दिसतो. आमच्याही घरी आहे. हा नांगर आपल्याकडे तयार करून शेतकऱ्यांच्या दारात पोचवणारा माणूस मुळात चित्रकार व्हायला निघाला होता, हे मला यंदा वाचनालयाच्या तासाला कळले. त्यांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांची माहिती मी इथे देत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढावीत आणि यंत्रांची खटपट करावी, एवढीच आवड. मुंबईला जाऊन चित्रकला शिकतो असे त्यांनी घरी सांगितले, तेव्हा वडिलांना ते पसंत पडले नाही. चित्रे काढून पोट कसे भरणार, ही काळजी त्या वेळच्या वडिलांना वाटणारच. आजही वाटते! पण थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी पैशाची मदत केली. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे एक निराळीच अडचण उभी राहिली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नसत. डोळ्यांचा हा दोष जन्मतः असतो आणि चष्म्याने जात नाही. लाल आणि हिरवा यांत गोंधळ होतो. चित्रकाराला हे कसे चालावे? रंगकाम सोडावे लागले. आपल्या गावात असे कुणाचे झाले असते तर लोक म्हणाले असते, पोरगं मुंबईला गेलं अन् वाया गेलं.

पण चित्रकलेत रंगाशिवाय रेघही असते. लक्ष्मणरावांनी यंत्रांची चित्रे काढण्याचे शिक्षण घेतले. यंत्राच्या चित्रात रंग लागत नाही. चाक समोरून कसे दिसते, बाजूने कसे दिसते, कुठला भाग किती लांब, हे मापात काढायचे असते. त्यावरून सुतार लाकडाचा नमुना करतो, तो नमुना वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात वितळलेले लोखंड ओततात. रेघ चुकली की भाग दुसऱ्या भागात बसतच नाही. या विद्येवर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता त्यांना यंत्रेही जवळून पाहायला मिळाली.

१८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता दुसऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. दुकानातून कारखाना निघाला. कडबा कापायचे यंत्र तयार झाले, आणि मग लोखंडी नांगर.

आता नांगराविषयी थोडे जास्त लिहिते, कारण ते मला आजोबांनी आमच्या नांगरापाशी बसवून समजावले. लाकडी नांगराला फक्त फाळ लोखंडाचा असतो. तो जमीन चिरत जातो, पण माती जागच्या जागी राहते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळवलेला पत्रा असतो, त्याला पंख म्हणतात. फाळाने कापलेली माती पंखावर चढते आणि उलथी होऊन बाजूला पडते. त्यामुळे हरळी-कुंद्याची मुळे वर येऊन उन्हाने वाळतात, खालची माती वर येते आणि पावसाचे पाणी चांगले मुरते. मात्र ओढायला तो जड. काळ्या रानात बैलांच्या दोन-तीन जोड्या लागायच्या, असे आजोबा म्हणतात. सगळी करामत पंखाच्या वळणात आहे. वळण कमी पडले तर माती उलथत नाही, जास्त झाले तर बैल दमतात. असे वळण कागदावर काढायला चित्रकाराचाच हात पाहिजे, असे मला वाटते.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते असे लोक म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. माझ्या मते शेतकऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. एक हंगाम फसला तर वर्षभर खाणार काय?

पुढे बेळगावात शहर वाढवण्याच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. तेव्हा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. जागा म्हणजे निवडुंगाचे माळरान, सापही पुष्कळ. १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. कामगारांसाठी घरे झाली आणि त्या वस्तीला किर्लोस्करवाडी म्हणू लागले. ती आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. स्टेशनचे नावही तेच झाले. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी वाडीत राखणदारीचे काम दिले होते.

त्यांचे चिरंजीव शंतनुराव पुढे अमेरिकेला जाऊन इंजिनिअर झाले. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी वाडीतूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. ते शंकररावही चित्रकलाच शिकलेले! लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ मध्ये, जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

पालक मंडळींना एक विनंती. आमच्या वर्गातल्या काही मुलांचे गणिताचे मार्क कमी आले म्हणून पुढच्या वर्षी शाळा बंद, अशी घरात बोलणी चालली आहेत. त्यांतल्या एकाने काढलेली नांगराची आकृती या लेखाशेजारी लावली आहे. फाळ, पंख, हाळीस आणि रुमणे यांची मापे त्याने आमच्या गोठ्यामागे बसून पट्टीने घेतली. जाण्याआधी ती नक्की पाहावी.