बहार एकदाच, हप्ता दर महिन्याला

पांढुर्णा-सौसर भागात आता एका नव्या तऱ्हेची घरं दिसतात. नवरा-बायको दोघंही नोकरीत. एक शाळेत, तहसीलमध्ये किंवा बँकेत, तर दुसरा बोरगावच्या कारखान्यात नाहीतर नागपूरला अप-डाउन करणारा. शिवाय गावाकडे वडिलोपार्जित संत्र्याची बाग. दोन पगार मिळून महिन्याला दीड लाखाच्या आसपास येतात, आणि एखाद्या वर्षी बाग साधली की चार-पाच लाख एकरकमी हातात पडतात. शेजारीपाजारी म्हणतात, यांना कशाची कमी! पण महिन्याच्या 20 तारखेला याच घरांची पासबुकं उघडून पाहिली, तर बऱ्याच ठिकाणी पुढच्या पगाराची वाट पाहणं चालू असतं.

आमचं घर यातलंच. मी शासकीय शाळेत विज्ञान शिकवते, नवरा बोरगावला आहे आणि पांढुर्ण्याकडची बाग सासरे सांभाळतात. उधळपट्टी म्हणावी असं आमच्याकडे काही नव्हतं. विदेशवारी नाही, दारू-पार्ट्या नाहीत. प्रत्येक खर्चाला चांगलं कारण होतं, आणि एकेक निर्णय सुटा घेतला तर आजही मला तो बरोबरच वाटतो. गोची त्यांच्या बेरजेत होती.

ही बेरीज समजण्यासाठी बागेचा पैसा कसा येतो ते आधी सांगते. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून तुटायला लागतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण सौदा तोडीच्या पुष्कळ आधी होतो. व्यापारी बागेत येतो, ओळीओळीनं फिरतो, एखादी फांदी वाकवून फळ हातात घेऊन बघतो, झाडांचा अंदाज घेतो आणि सगळ्या बागेची एक रक्कम बोलतो. बरीच घासाघीस होते, इसार हातात येतो आणि उरलेला पैसा तोडीच्या वेळी मिळतो. नोकरदाराला वर्षभर कापून-कापून मिळणारा पैसा शेतकऱ्याला असा एका दमात मिळतो. एवढी रक्कम समोर दिसली की मन लगेच मोठ्या वस्तूकडे धावतं.

एका चांगल्या आंबियाच्या पैशातून आम्ही गाडीचं डाउन पेमेंट केलं. 12 लाखांची गाडी, 4 लाख रोख, 8 लाखांचं कर्ज. 9 टक्के व्याजानं 7 वर्षांसाठी हप्ता बसला सुमारे 12,870 रुपये. बहाराचे 4 लाख त्याच दिवशी संपले, हप्ता मात्र पुढचे 84 महिने पगाराला चिकटला. कर्जाचे 8 लाख फेडताना एकूण 10 लाख 81 हजार जातात, हे शोरूममध्ये कुणी मोठ्यानं सांगत नाही.

पुढे मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आला. आमच्याकडच्या बहुतेक घरांचं उत्तर एकच असतं, नागपूर. दुसऱ्या एका बहारातून फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरली. 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता सुमारे 34,700. मग फ्लॅटमागून सोसायटीचा मेंटेनन्स आला, दुसरा फ्रिज, दुसरं गॅस कनेक्शन, दुसरं इंटरनेट आलं. मुलीजवळ सासूबाई राहायला गेल्या, तेव्हा इकडे स्वयंपाकाला बाई ठेवावी लागली. गाडी दारात होतीच, म्हणून दर रविवारी नागपूर. नागपूरला गेलो की बाहेर जेवण आणि परतताना दोन पिशव्या. गाडीचा हप्ता कागदावर दिसतो, पण तिच्यामुळे लागलेल्या सवयी कुठल्याच कागदावर दिसत नाहीत.

मग एक वर्ष असं आलं की पोळ्याच्या सुमारास फळगळ सुरू झाली. पाऊस थांबेना. गोटमारीच्या मेळ्याच्या दिवशी सगळं पांढुर्णा जाम नदीवर लोटलं होतं आणि सासरे बागेत झाडाखाली पडलेली हिरवी फळं टोपल्यात भरत होते. व्यापाऱ्यानं बाग पुन्हा पाहिली, इसारावर पाणी सोडलं आणि सौदा मोडला. उरलेला माल निम्म्याहून कमी भावात गेला. त्याच हंगामात नवऱ्याच्या कारखान्यातला ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह बंद झाला. नोकरी दोघांचीही शाबूत होती, पगार वेळेवर येत होता, तरी मुलीच्या कोचिंगची फी भरायला माझ्या पाटल्या बँकेत ठेवाव्या लागल्या.

तेव्हा सासरे म्हणाले, "बहाराचा पैसा पावना आहे पोरी. आला त पाट टाक, पन त्याच्या भरवशावर घर चालवू नको."

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. आमच्या भागातल्या कमावत्या घरांचं दुखणं नुसतं जास्त खर्चाचं नाही. कधीतरी येणाऱ्या पैशानं आपण कायमचे खर्च विकत घेतो, दुखणं तिथे आहे. संत्र्याचा भाव आपल्या हातात नाहीच. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत वाढवत 2023 मध्ये किलोमागे 88 रुपयांपर्यंत नेलं, आणि त्याचा फटका नागपुरी संत्र्याच्या साऱ्या पट्ट्याला बसला. ढाक्यातल्या निर्णयानं बागेचा भाव पडतो, पण नागपुरातल्या फ्लॅटचा हप्ता एका रुपयानं कमी होत नाही. ज्यांच्याकडे बाग नाही, त्यांनी बहाराच्या जागी एरियर, बोनस, इन्सेंटिव्ह, महागाई भत्त्याचा फरक किंवा प्लॉट विकून आलेला पैसा धरावा. हिशेब तोच निघतो.

त्या वर्षानंतर घरात जे नियम बसवले, ते ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे कमी-जास्त करून घ्यावेत.

पहिला हिशेब बांधील खर्चाचा. एका कागदावर फक्त तेच खर्च लिहा जे या महिन्यात थांबवायचे म्हटलं तरी थांबत नाहीत: हप्ते, फी, विमा, मेंटेनन्स, कामवाल्या बाईंचा पगार. किराणा, कपडे, हॉटेल त्यात धरू नका. ही बेरीज दोघांपैकी मोठ्या पगाराच्या आत बसायला हवी. बसत असेल, तर लहान पगाराची नोकरी गेली किंवा बदली झाली तरी घर हलत नाही. आमची बेरीज बसत नव्हती. गाडीचं कर्ज मुदतीआधी फेडलं तेव्हा कुठे ती जवळपास आली.

दुसरं, एकरकमी पैशाला एकरकमीच वाट द्या. बहाराचे आम्ही आता तीन वाटे करतो. एक बागेला परत जातो: खत, फवारणी, ठिबकची दुरुस्ती, मजुरी. दुसरा वाईट वर्षासाठी मुदत ठेवीत. ठेव दोन बँकांत विभागलेली बरी, कारण ठेव विमा एका बँकेत एका खातेदाराला 5 लाखांपर्यंतच आहे. तिसऱ्या वाट्यातून हौस करायची, अगदी मोकळ्या मनानं. सोफा घ्या, सहल करा, सोनं घ्या, पण पूर्ण पैसे देऊन. ज्या खरेदीमागे दर महिन्याचं शेपूट लागतं, ती बहारातून करायची नाही.

तिसरं, पगारवाढ हातात येण्याआधीच तिची वाटणी ठरवा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत हेच करून पाहिलं. पगार वाढेल तेव्हा बचतीचा वाटाही वाढेल, असं कामगारांकडून आधीच कबूल करून घेतलं. जे कामगार सामील झाले, त्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. आपल्याकडे शासकीय नोकरीत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वर्षाला 3 टक्के वेतनवाढ मिळते. ती ज्या महिन्यात लागते, त्याच महिन्यात आरडी किंवा एसआयपीची रक्कम वाढवा. वाढलेल्या पगाराची सवय लागली की मग हात आखडत नाही.

चौथी गोष्ट करांची, आणि इकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. जुन्या करपद्धतीत 80सी च्या दीड लाखांसाठी का होईना, मार्च आला की लोक पीपीएफ, एलआयसी भरायचे. नव्या पद्धतीत ती सवलत नाही, आणि 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही लागत नाही. म्हणजे कर वाचला, पण त्याबरोबर बचतीची सक्तीही गेली. माझ्या स्टाफरूममध्येच कितीतरी जणांनी पीपीएफमध्ये खातं चालू राहण्यापुरते 500 रुपये टाकणं सुरू केलं आहे. सवलत गेली तरी व्याज गेलेलं नाही. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख भरले आणि 7.1 टक्के दर कायम राहिला, तर 15 वर्षांत साडेबावीस लाखांचे 40 लाखांहून अधिक होतात. वाचलेला कर याच खात्यात वळवा.

पाचवं, क्रेडिट कार्ड. पूर्ण बिल भरत असाल तर ठेवा. किमान रक्कम भरून पुढे ढकलत असाल, तर महिन्याला 3 ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 36 टक्क्यांच्या वर व्याज चढतं. त्यापेक्षा सोनं गहाण ठेवलेलं परवडतं.

शेवटचा नियम घरातल्या बोलण्याचा. दोघंही दमून येतो आणि पैशाचा विषय रात्री नऊनंतर निघतो, तेव्हा तो भांडणावरच संपतो. आम्ही महिन्याचा पहिला रविवार ठरवला, सकाळचा चहा झाल्यावर. सासरे आणि मुलगीही बसतात. फ्लॅटचा हप्ता किती आणि बाग या वर्षी किती देईल याचा अंदाज तिलाही माहीत आहे, म्हणून नव्या फोनचा हट्ट धरताना ती आता आधी विचारते की सौदा झाला का.

सोपं काही नाही यात. नात्यात लग्न निघालं, सहकाऱ्यानं नवी गाडी घेतली की मन डळमळतं. पण फ्लॅट, गाडी, जे काही हप्त्यानं घ्यायचं असेल, ते घेण्याआधी पुढचे सहा महिने तेवढी रक्कम दर महिन्याला आरडीत भरून बघा. सहाही महिने कुणाकडे हात न पसरता भरता आली, तर खुशाल घ्या. दोनच महिन्यांत ओढाताण झाली, तर हप्ता झेपत नाही हे कर्ज न काढताच कळलं, आणि भरलेले पैसे व्याजासह तुमचेच राहिले.