एकाच पंगतीत

परगावी गेल्यावर जेवणाचा प्रश्न सर्वांनाच पडतो. ज्यांच्या खाण्याला काही नियम आहेत, त्यांना तो अधिकच पडतो. या पाठात नांदेड शहरातील साध्या जेवणाची आणि तेथील लंगरमध्ये करता येणाऱ्या सेवेची माहिती दिली आहे.



इस्लापूरच्या स्थानकावर तुम्ही गाडीत बसता आणि हिमायतनगर, भोकर, मुदखेड करीत नांदेडला उतरता. कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी बाजारासाठी, तर कोणी कॉलेजच्या प्रवेशासाठी. काम आटोपेपर्यंत दुपार होते. पोटात कावळे ओरडू लागतात. मग प्रश्न येतो, जेवायचे कोठे?

आपल्यापैकी बहुतेक जण अगोदर एक गोष्ट विचारतात. गोश्त हलाल आहे ना? खात्री वाटली नाही, तर आपण "आज साधेच खाऊ" असे म्हणतो आणि वरण-भात मागवतो. म्हणजे नियम पाळून बाहेर जेवणे आपल्याला नवे नाही.

आता असा एक पाहुणा डोळ्यांसमोर आणा. तो मांस, मासे, अंडी खात नाही. एवढेच नव्हे, तर दूध, दही, लोणी, तूप आणि मधही घेत नाही. प्राण्यापासून मिळालेले काहीच त्याला चालत नाही. अशा माणसाला आजकाल 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. मराठीत 'फक्त वनस्पतिजन्य आहार घेणारा' असे म्हणता येईल; पण एवढे लांब नाव बोलताना कोण वापरणार?

शब्द नवा असला तरी असा माणूस नवा नाही. शाम देशातील मअर्रा या गावी सन ९७३ मध्ये अबुल अला अल-मअर्री हे थोर अरबी कवी जन्मले. लहानपणीच देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांनी मांस सोडले, दूध आणि अंडी सोडली. मधमाश्यांनी कष्टाने साठवलेला मध आपण का लुटावा, असा विचार करून त्यांनी मधही सोडला. अल्लामा इक्बाल यांची त्यांच्यावर एक कविता 'बाल-ए-जिब्रील' या संग्रहात आहे. तिचा सूर मात्र अल-मअर्रींच्या मताला दुजोरा देणारा नाही. तो कसा आहे, हे तुमच्या उर्दूच्या शिक्षकांना जरूर विचारा.

आणखी एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. गडचिरोलीकडील माडिया गोंड लोक मांस खातात. पण गाईचे दूध काढण्याची रीत त्यांच्यात पूर्वी नव्हती. गाईचे दूध वासराचे, असे ते मानत. पाहा, एकाला मांस चालते पण दूध नको, दुसऱ्याला दूध चालते पण मांस नको, तर तिसऱ्याला दोन्ही नको. कोणाच्या पोटाला दूध सोसत नाही, म्हणूनही तो टाळतो. दूध सोडा, असे सांगण्यासाठी हा पाठ लिहिलेला नाही. मी स्वतः दुधाचा चहा आवडीने पितो. पण अशा पाहुण्याला घेऊन नांदेडला गेलात, तर त्याला उपाशी परत आणू नये, एवढे तरी आपल्याला जमले पाहिजे.

ते मुळीच कठीण नाही. मराठवाड्यातील कष्टकऱ्याचे रोजचे जेवण पाहा. ज्वारीची भाकरी पीठ आणि पाणी एवढ्यावरच होते. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी, जवसाची किंवा कारळाची चटणी, मिरचीचा ठेचा, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, पिठले. यात दूध कोठे आहे? तुपाची धार वरून पडते, तेवढीच. ती नको म्हटले की झाले. साध्या खानावळीत हे सारे मिळते. सकाळी पोहे, इडली, आलुबोंडा, मिरचीभजी आहेतच. डोशावर काही ठिकाणी लोणी लावतात, म्हणून तो तेलावर भाजायला सांगावा. दुधाच्या चहाऐवजी कोरा चहा मागावा. त्यात लिंबू पिळले की आपली सुलेमानी चाय तयार!

अडचण येते ती मोठ्या हॉटेलात. नानच्या पिठात दही किंवा दूध घालतात. तंदुरी रोटीवर लोणी फिरवतात. दालला तुपाची फोडणी असते आणि भाजीच्या घट्ट रश्श्यात मलई असते. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. म्हणून विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी भाषा लागते. खानावळीतील हे बोलणे वाचा.

"मावशी, वरणाला फोडणी तेलाची की तुपाची?"

"तेलाचीच हाय, बाळा. तूप वरून वाढते मी."

"मग तूप नको. भाकरी कोरडीच द्या. यांना दूध-तूप चालत नाही."

"उपास हाय का यांचा?"

"नाही, मावशी. ते रोजच असे जेवतात."

"असं व्हय! मग कढी नका घेऊ, ताकाची हाय ती. अंबाडीची भाजी देते, ठेचा देते. बसा."

या संवादातील 'चालत नाही' हे शब्द लक्षात ठेवा. "तुमच्या जेवणात तूप का आहे?" असे विचारले, तर समोरच्याला राग येईल. "आम्हाला तूप चालत नाही" असे म्हटले, की दोष कोणाकडेच जात नाही. मराठीतील हे एक फार सोयीचे क्रियापद आहे. आणखी एक गोष्ट. आपली मुले कधी कधी 'मी दूध खात नाही' असे लिहितात. मराठीत दूध 'पितात' किंवा 'घेतात'.

आता समजा, हा पाहुणा थेट तुमच्याच घरी आला. आपल्याकडे दावत म्हटली की गोश्त आलेच. अम्मी विचारात पडेल, "याला वाढू तरी काय?" परंतु आपल्याच स्वयंपाकघरात याचे उत्तर आहे. बगारे बैंगन घ्या. वांगी, शेंगदाणे, तीळ, खोबरे, चिंच आणि तेल. त्यात प्राण्याचे काहीच नाही. मिरचीचा सालन तसाच. खट्टी दाल तेलाच्या फोडणीची करता येते. खिचडीबरोबर आपण जो चिंच-तिळाचा खट्टा खातो, तोही या पाहुण्याला चालतो. फक्त खिचडीत तूप नको आणि सोबतचा खिमा बाजूला ठेवावा.

मात्र एक काळजी घेतलीच पाहिजे. गोश्तच्या पातेल्यातील डाव दालमध्ये बुडवू नये. पाहुण्याला ते कळणार नाही, हे खरे. पण परगावी कोणी आपल्याला "हलालच आहे, खा" असे खोटे सांगितले, तर तेही आपल्याला कळत नाही. खाणारा वाढणाऱ्याच्या शब्दावर घास घेतो. तो शब्द ही एक अमानत आहे. काही दुकानदार गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून "सगळे चालते हो" असे म्हणून टाकतात. मला ही लबाडी पाकीट मारण्यापेक्षा लहान वाटत नाही.

नांदेडमध्ये पैसे न देता, जात-धर्म न विचारता जेवण मिळते अशी एक जागा आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती म्हणजे गुरुद्वाऱ्यातील लंगर. शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली नांदेड येथे निधन झाले. त्या ठिकाणी पुढे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा बांधला. देशविदेशातून यात्रेकरू तेथे येतात. लंगरची प्रथा मात्र त्याहून जुनी, पहिले गुरू नानक यांच्यापासूनची आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी भेटीला येणाऱ्या प्रत्येकाने आधी पंगतीत बसावे असा नियम केला. बादशहा अकबरही तेथे जमिनीवर सर्वांबरोबर बसून जेवला, असे शीख परंपरा सांगते.

'लंगर' हा शब्द फारसी आहे, हे तुम्ही ओळखले असेल. सूफींच्या खानकाहांतही लंगर चालत असे. अजमेरच्या दर्ग्यात दोन प्रचंड देगी आहेत. मोठी अकबराने दिलेली आणि लहान जहांगीरने दिलेली. त्यांत काय शिजते? मांस नव्हे, तर गोड भात. तांदूळ, साखर, तूप आणि सुका मेवा. कोणत्याही धर्माच्या माणसाने तो निःशंक मनाने खावा, ही त्यामागची सोय. गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्येही मांस शिजत नाही, अंडी नसतात. त्यामुळे हलाल-झटका हा वाद पंगतीत शिरतच नाही. ब्राह्मण, मुसलमान, बंजारा, गोंड, परदेशी पाहुणा, सर्वांना एका रांगेत बसता येते.

आपल्या व्हीगन पाहुण्याला मात्र येथेही थोडे विचारूनच जेवावे लागेल. लंगरमध्ये दूध-तूप वर्ज्य नाही. दालला तूप असू शकते, खीर दुधाचीच असते आणि कडाह प्रसाद तर तुपातच होतो. वाढणाऱ्या सेवादाराला नम्रपणे विचारावे. जे चालत नाही त्यासाठी आधीच हात जोडावेत. ताटात घेऊन टाकून देणे तेथे फार वाईट मानतात.

लंगरमध्ये जेवणारा पाहुणा असतो, तसा कामकरीही होऊ शकतो. कोणत्याही धर्माचा माणूस तेथे सेवा करू शकतो. जोडे बाहेर काढावेत, हातपाय धुवावेत आणि डोके झाकावे. आपली टोपी किंवा ओढणी त्यासाठी पुरेशी आहे. नसेल तर रुमाल बांधावा. तंबाखू, गुटखा यांची पुडी खिशातसुद्धा नको. मग सेवादारांना "काय काम करू?" एवढेच विचारावे. नवख्या माणसाला बहुधा लसूण सोलणे, भाजी निवडणे, पाणी वाढणे अशी कामे मिळतात. रोट्या लाटायला स्त्रिया आणि पुरुष दोघेही बसतात. आपल्या मुलांनीही लाटणे हातात घेऊन पाहायला काय हरकत आहे? वाढताना रोटी फेकू नये. तिला तेथे 'परशादा' म्हणतात आणि घेणारा ती दोन्ही हातांत घेतो. कोणाला 'तू' म्हणू नये. भिकारी असो की अधिकारी, पंगतीत सर्वांना 'घ्या'च म्हणायचे.

सर्वांत खरे काम भांडी धुण्याच्या जागी असते. तेथे ताटांचा ढीग कधीच संपत नाही. दहा ताटे घासून फोटो काढणारे आणि निघून जाणारे पुष्कळ असतात. तुम्ही गेलात, तर एक तास न हलता उभे राहा.

या सेवेला किती मोल येते, ते २०२० साली दिसले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, रेल्वे आणि एस. टी. बंद झाल्या. हजारो मजूर मुलाबाळांसह पायी गावी निघाले. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, यवतमाळ जिल्ह्यातील करंजी येथे नांदेडच्या लंगर साहिब गुरुद्वाऱ्याशी जोडलेला एक लहान लंगर आहे. पैनगंगा ओलांडली की आपल्या किनवट तालुक्याला लागूनच तो जिल्हा सुरू होतो. त्या रस्त्यावर दूरवर दुसरे काही उघडे नव्हते. ऐंशी वर्षे ओलांडलेले बाबा करनैलसिंग खैरा आणि त्यांचे थोडेसे सहकारी तेथे रात्रंदिवस चूल पेटती ठेवत होते. येणाऱ्याला ते हात धुवायला पाणी व साबण देत आणि जेवू घालत. पहिल्या दहा आठवड्यांत तेथे लाखो लोक जेवले. त्या मजुरांत कोणी बिहारचा होता, कोणी तेलंगणातून निघालेला, कोणी नमाजी, कोणी माळकरी. भात, दाल आणि रोटी. ताटाकडे पाहून कोणालाही उठावे लागले नाही.

तुम्हाला नांदेडला जाऊन सेवा करायची असेल, तर घरी विचारून आणि शिक्षकांना सांगून चार-पाच जणांनी मिळून जावे. येताना शेवटची गाडी कोणती, ते स्थानकावर आधीच पाहून ठेवावे. ताटे धुताना वेळेचे भान राहत नाही.

शब्दार्थ

पंगत : जेवणाऱ्यांची रांग. वनस्पतिजन्य : झाडपाल्यापासून मिळणारे. वर्ज्य : मनाई असलेले. निःशंक : मनात शंका न ठेवता. डाव : वाढण्याचा मोठा चमचा. अमानत : विश्वासाने सोपवलेली वस्तू. दुजोरा देणे : पाठिंबा देणे. माळकरी : गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी.

स्वाध्याय

१. गोश्तच्या पातेल्यातील डाव दालमध्ये बुडवू नये, असे लेखक का म्हणतात?

२. अजमेरची देग आणि नांदेडचा लंगर यांत कोणते साम्य आहे? कोणता फरक तुम्हाला दिसतो?

३. 'चालणे' हे क्रियापद पाठात ज्या अर्थाने आले आहे, त्या अर्थाने वापरून तीन वाक्ये लिहा. त्याच अर्थाचे उर्दूत काय म्हणाल?

४. घरी अम्मीला किंवा दादीला विचारून, दूध, तूप, मांस व अंडी न घालता होणाऱ्या पाच पदार्थांची कृती मराठीत लिहून आणा.