आजचे चिंतन : बेल्ट ओरडतोय की पुली?

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचे वाचन : श्रीमद्‌भगवद्‌गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

मित्रांनो, आज दोनच श्लोक आहेत. भगवंत अर्जुनाला सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसाच सतत जागणाऱ्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, जागरण हे सगळं ज्याचं मापात आहे, त्याचाच योग दुःख दूर करतो.

वाचताना वाटतं, सोपं आहे की! पण खरी अडचण पुढे येते. माप कुठलं? आणि आपलं माप चुकलंय हे ओळखायचं कसं?

याचं एक उत्तर मला आमच्या माण तालुक्यात, दहिवडीच्या एका फिटरकडे ऐकायला मिळालं. ज्याची ही गोष्ट आहे त्या माझ्या मावसभावाला विचारूनच लिहितोय.

भाऊ पुण्यात नोकरीला. त्याच्याकडे टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी आहे, जोरात पळणारी, जिवापाड जपलेली. मावशीला गोंदवल्याला दर्शनाला न्यायचं म्हणून आम्ही फलटणमार्गे निघालो. मोगराळे घाट चढताना बोनेटमधून चिवचिव सुरू झाली. भाऊ म्हणाला, "जुनं दुखणं आहे. आधी स्प्रे मारला, मग नवा बेल्ट टाकला, तोही थोडा आखूड, घट्ट बसावा म्हणून. तरी परत तेच."

आधी हा बेल्ट काय करतो ते समजून घेऊ. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरची पुली हा एक लांब, खाचांचा पट्टा फिरवते. त्याच्यावर अल्टरनेटर चालतो, एसीचा कॉम्प्रेसर चालतो, आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही. बेल्ट तुटला तर आधी बॅटरीचा दिवा लागतो. पंप त्याच्यावर असेल तर थोड्याच वेळात इंजिन तापतं. माणच्या उन्हात, घाटात, म्हातारं माणूस गाडीत असताना ही काही छोटी गोष्ट नाही. (टायमिंग बेल्ट वेगळा बरं का, तो इंजिनाच्या आत झाकलेला असतो. त्याला घरी हात लावू नये.)

ताकदीच्या इंजिनात या बेल्टवर ताण जास्त येतो. क्रँकशाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक सिलिंडर पेटला की त्याला धक्का बसतो. गाडी एकदम पळवली, एकदम सोडली, की जड अल्टरनेटर मागे ओढतो आणि पट्टा घसरू पाहतो. म्हणून तिथे स्प्रिंगचा टेन्शनर असतो. तो पट्टा ना सैल पडू देतो, ना ताठ होऊ देतो.

दहिवडीच्या फिटरने बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, आणि हात लांब ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा मारला. आवाज बंद! भाऊ खूश. दहा-पंधरा सेकंदांत चिवचिव परत. फिटर म्हणाला, "दादा, बेल्ट न्हाय वरडत. पुली वरडतीया."

त्याने मग समजावून सांगितलं ते असं. पाणी मारल्यावर आवाज एकदम वाढला, तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. आवाज थोडा वेळ थांबून परत आला, तर बहुतेक वेळा एखादी पुली रेषेत नाही, पट्टा तिरका चालतोय. दोन दुखणी, ऐकायला सारखीच, पण औषध वेगळं.

इंजिन बंद करून, चावी काढून, गार होऊ देऊन त्याने आधी पट्टा कसा गुंडाळलाय त्याचा फोटो काढून घेतला. पान्याने टेन्शनर मागे ओढला आणि पट्टा उतरवला. मग एकेक पुली बोटाने फिरवून, हलवून पाहिली. एक आयडलर पुली खरखरत होती आणि डुगडुगत होती. तिचं बेअरिंग गेलं होतं. आखूड पट्ट्याच्या जादा ताणाने ते झिजत आलं होतं. त्याने पुली बदलली, खाचांतली धूळ ब्रशने काढली, योग्य मापाचा पट्टा चढवला आणि प्रत्येक खाच नीट बसलीय का ते पाहिलं. स्प्रेबद्दल एवढंच म्हणाला, "त्यो आवाज दाबतो, दुखणं न्हाय. वर धूळ चिकटती ती येगळीच."

आता आपल्याकडे वळू.

या भावाने सहा महिन्यांपूर्वी एक नेम धरला होता. पहाटे पाचला उठायचं, रोज तेरा माळा, पारायण, एक वेळचं जेवण. आणि रात्री एक वाजेपर्यंत ऑफिसचे कॉल. तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटलं. जप सुटला, देवासमोर बसणं सुटलं. "माझ्याच्याने होत नाही, मी त्यातला नाहीच," असं म्हणून त्याने माळ कपाटात ठेवून दिली. त्या दिवशीही तो फक्त आईला सोडायला म्हणून आला होता.

नेम तुटण्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. तुटला म्हणून माणूस स्वतःलाच देवाच्या यादीतून काढून टाकतो, ते वाईट. तुमच्यापैकी किती जणांची माळ अशी कपाटात असेल!

चिडचिड, आळस, कंटाळा हा मनाचा आवाज आहे. तो आला की आपण दोनच गोष्टी करतो. एक म्हणजे स्प्रे मारतो : रील्स, खरेदी, बाहेरचं खाणं. दुसरी म्हणजे बेल्ट अजून आवळतो : "उद्यापासून डबल जप!" पुली कोणी बघत नाही.

म्हणून आवाज आला की दोन प्रश्न विचारा. पहिला, किती? झोप, जेवण, काम यांच्या मापात हा नेम बसतो का? हा ताणाचा प्रश्न. दुसरा, कशासाठी? हा रेषेचा प्रश्न. भावाचा तेरा माळांचा आकडा आला होता मित्रांच्या ग्रुपमधून, तिथे रोज कोण किती जप टाकतो ते बघून. पट्टा नवा होता, पुली मात्र देवाच्या दिशेने नव्हती. अशा वेळी माळा कमी-जास्त करून आवाज थांबत नाही.

आणि मापात राहणं म्हणजे ढिलाई नव्हे. सैल पट्टाही घसरतोच. याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत ते नाकारत नाहीत. ते अभ्यास आणि वैराग्य सांगतात. रोजचं थोडं, पण रोजचं. गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) याच माणच्या मातीत प्रपंचातल्या माणसांना नाम दिलं. शेती, संसार, नोकरी टाकून या, असं त्यांनी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. माणूस म्हणजे गाडी नव्हे. झोपच येत नाही, कशातच जीव रमत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना भेटा. तेही देवाचंच काम करतात.

आजचा संकल्प : आपला नेम कागदावर लिहा. त्यापुढे "किती?" आणि "कशासाठी?" यांची खरी उत्तरं लिहा. गरज पडली तर नेम अर्धा करा, पण उद्या चुकवू नका. माळ कपाटात असेल, तर आज फक्त बाहेर काढून देवासमोर ठेवा. एवढंही पुरे.

हे रामराया, आम्हाला आमचं माप कळू दे, आणि आमची दिशा तुझ्याकडे राहू दे.

॥ श्रीराम समर्थ ॥